खंडेनवमीला सोडवलेली वायर

माझ्या बायकोचा उजवा हात कोपरातून पूर्ण सरळ होत नाही आणि पूर्ण मिटतही नाही. हे कशामुळे झालं त्याची एक गोष्ट आमच्या सोसायटीत, नातेवाइकांत आणि मुलीच्या सासरी गेली अकरा वर्षं सांगितली जाते. माशांच्या टाकीवाल्याने लाइटचं काम निष्काळजीपणे केलं, त्यातून शॉक बसला आणि काकू पडल्या, अशी ती गोष्ट. ती खोटी आहे. ती पहिल्यांदा मी सांगितली, म्हणून खोडायचीही मीच. मी आता शहात्तर वर्षांचा आहे. आणखी थांबण्यात अर्थ नाही.

मी सातपूरच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं मेंटेनन्स खात्यात होतो. वायरमन म्हणून लागलो, फोरमन म्हणून निवृत्त झालो. हे मोठेपणासाठी सांगत नाही. पुढे जे घडलं ते अडाण्याच्या हातून घडलं नाही, एवढं कळावं म्हणून सांगतो. नव्या कामगारांना मी पहिल्याच दिवशी ऐकवायचो की अर्थिंगची हिरवी वायर दिवा लावत नाही, पंखा फिरवत नाही, म्हणून ती बिनकामाची वाटते. पण ज्या दिवशी तिचं काम पडतं त्या दिवशी ती जागेवर नसेल तर माणूस जातो. शेकडो लोकांना ऐकवलं असेल मी हे.

माशांची टाकी ही बायकोची हौस. मी निवृत्त झालो आणि घरात टाकी आली. तीन फुटी काचेची, लोखंडी स्टँडवर, जेवणाच्या टेबलाशेजारी, बेसिनच्या नळापासून हातभर अंतरावर. जागा तिनेच ठरवली, कारण पाणी बदलताना नळाला पाइप लावला की काम झालं. टाकीवर पत्र्याचं झाकण होतं, त्याला सगळे हूड म्हणत. हूडच्या आत दोन फुटी ट्यूब, तिचा चोक आणि स्टार्टर. आता एलईडीच्या पट्ट्या मिळतात. तेव्हा हेच असायचं. शेजारची इमारत उंच, त्यामुळे आमच्या जेवणाच्या खोलीत दुपारीही अंधार. ट्यूब लागली की टाकी उजळायची आणि सहा गोल्डफिश केशरी दिसायचे. बंद असली की नुसतं काळं पाणी.

टाकी बनवणारा सारडा सर्कलच्या मागच्या गल्लीतला. काच कापून, सिलिकॉन भरून टाक्या स्वतः बनवायचा. आमच्या सोसायटीत चार घरी आणि खाली डॉक्टरांच्या दवाखान्यात त्याच्याच टाक्या होत्या. दर रविवारी यायचा, सगळ्या साफ करून जायचा. सगळे त्याला भाई म्हणायचे. चाळिशीचा असेल. बोलणं मोजकं, पण बायकोची थट्टा केल्याशिवाय जायचा नाही.

"काकू, तुमचे मासे लय जाड झालेत. काकांचं ताट ह्यांच्याकडे वळवता काय?"

"काकांचं ताट रिकामंच असतं हो भाई. ते काही उरवत नाहीत."

त्या वर्षी नवरात्रात ट्यूब फडफडायला लागली. दोन्ही टोकं लाल व्हायची, मधली नळी पेटायची नाही. मग मिनिटभर लागायची, पुन्हा फडफड. मी स्टार्टर बदलून पाहिला. फरक नाही. ट्यूबची टोकं काळी पडली होती म्हणून नवी ट्यूब आणली. ती लागली, पण चोक गुणगुणायला लागला आणि दहाव्या मिनिटाला घरातली लाइट गेली. मीटरच्या बोर्डावर ईएलसीबी नावाचा खटका असतो. घरात कुठे करंट गळून जमिनीकडे जायला लागला की तो पडतो. तो पडला होता. वर केला, पुन्हा पडला. हूडचा प्लग काढल्यावर राहिला.

सप्तमीला भाई आला. आम्ही दोघांनी हूड उतरवून टेबलावर उलटा ठेवला. ट्यूबच्या होल्डरचं पितळ हिरवं पडलं होतं. भाईने ते घासून साफ केलं. मग चोकचा स्क्रू काढून चोक थोडा उचलला, तर खाली पाण्याचे थेंब. मी गळती तपासायचा माझा सिरीजचा दिवा आणला. त्याची एक वायर चोकच्या टोकाला लावली, दुसरी हूडच्या पत्र्याला. दिवा मंद पेटला. म्हणजे टाकीची वाफ चोकमध्ये शिरली होती आणि करंट पत्र्यात उतरत होता. प्लग तीन पिनचा असल्यामुळे तो पत्र्यातून हिरव्या वायरने जमिनीत जात होता आणि खटका पडत होता. जे व्हायला हवं तेच होत होतं.

"चोक गेला, काका," भाई म्हणाला. "तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही तर ह्यातलेच. ह्या मापाचा चोक आता दुकानात नाही, मागवावा लागेल. दसऱ्यानंतर रविवारी आणतो. तोवर ट्यूबची पट्टी लावू नका."

"नाही लावत."

"खटका पडतोय ते बरंय. पडू द्यायचा." त्याने प्लगच्या पिनांना काळी टेप गुंडाळली, म्हणजे चुकूनही कोणी लावू नये. "काकू, मासे चार दिवस अंधारात राहिले तर मरत नाहीत. झोपा काढतील."

इथपर्यंत सगळं बरोबर होतं.

खंडेनवमीला आमच्या घरी हत्यारांची पूजा होते. कारखान्यातही व्हायची, यंत्रं धुऊन पुसून झेंडूच्या माळा घालायचो, नारळ फोडायचो आणि त्या दिवशी एकही मशीन चालू करायचो नाही. पूजेत ठेवलेलं हत्यार दसऱ्याची पूजा होईपर्यंत उचलायचं नाही, हा नियम मी खात्यात कडक पाळला. एकदा एकाने पूजेतला पाना घेतला म्हणून मी त्याला सगळ्यांसमोर झापलं होतं. घरीही तीच रीत. त्या सकाळी मी पाट मांडला, लाल कापड घातलं, त्यावर टेस्टर, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, सिरीजचा दिवा, इन्सुलेशन तपासायचा जुना मेगर, सगळं ओळीने लावलं. बायकोने हळदकुंकू वाहिलं. तिच्या शिवणयंत्राची कात्रीही तिथेच.

जेवायला बायकोचा धाकटा भाऊ सहकुटुंब येणार होता. त्याचं पिंपळगावला द्राक्षांचं कोल्ड स्टोरेज आहे. माणूस दिलदार, पण जिभेला हाड नाही. बारा वाजता आला, चपला काढता काढता त्याची नजर टाकीवर गेली.

"ताई, मासे सुतकात आहेत काय?"

"लाइट बिघडलीय रे. दसऱ्यानंतर होईल."

"दसऱ्यानंतर? घरात फोरमन असून?" तो माझ्याकडे वळला. "दाजी, आमचा कंप्रेसर बंद पडला तर मी तुम्हालाच बोलवायचं ठरवलं होतं. आता दुसरा माणूस बघायला लागंल."

"भाई चोक आणणार आहे," मी म्हणालो.

"म्हणजे मासेवाला येऊन ट्यूब लावणार. एकतीस वर्षं कंपनीत काय, फ्यूजच मोजले का?"

सगळे हसले. त्याची बायको हसली, माझी बायकोही हसली. मीही हसलो. मग तो जेवायला टाकीसमोरच बसला आणि पुरणपोळी वाढेपर्यंत दोनदा मान वाकडी करून काळ्या पाण्याकडे पाहून म्हणाला, "आहेत ना आत?"

मी उठलो. मला त्याचं तोंड बंद करायचं होतं, बाकी काही नाही.

मी पाटाजवळ गेलो तर बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, पूजेतलं उचलू नका हं. उद्या करा." तिचं बरोबर होतं, आणि मलाही ते उचलायचं नव्हतं. मी स्वयंपाकघरातली सुरी घेतली. प्लगवरची काळी टेप सोडली. सुरीच्या टोकाने प्लगचा स्क्रू फिरवला. दोनदा घसरला, खाच ओरबाडली गेली. झाकण उघडलं, हिरव्या वायरचा स्क्रू सैल केला, वायर बाहेर ओढली, मागे दुमडली आणि झाकण लावलं.

कशासाठी, ते सांगतो. हिरवी वायर नसली की पत्र्यात उतरलेला करंट जमिनीत जात नाही. गेला नाही की खटका पडत नाही. खटका पडला नाही की ट्यूब लागून राहते. बिघाड होता तिथेच राहतो. फक्त तो ओरडत नाही. आणि तो पत्रा, ज्याचा जमिनीशी संबंध आहे अशा कोणाचा तरी हात लागायची वाट बघत बसतो.

हे मला माहीत होतं. प्लग लावताना माहीत होतं.

ट्यूब दोनदा फडफडली आणि लागली. मासे केशरी झाले. मेहुण्याने टाळ्या वाजवल्या. "मानलं, दाजी! सुरीने! माझ्याकडचा इलेक्ट्रिशियन बॅगभर सामान आणतो आणि उद्या या म्हणतो."

टेस्टर पाटावर होता, चार पावलांवर. मी रबरी चप्पल घातली होती. उजव्या हाताची बोटं उलटी करून, जशी आम्ही जुनी माणसं करायचो तशी, हूडच्या पत्र्याला लावली. बोटांच्या पाठीला मुंग्या आल्या. अगदी बारीक. रबरी चपलेतून एवढ्या येतात म्हणजे चपलेशिवाय किती, हा हिशेब मला यायला हवा होता आणि तो आलाही. मी हात मागे घेतला आणि पानावर येऊन बसलो. मेहुण्याने माझ्या पोळीवर तूप वाढलं.

दुसऱ्या दिवशी दसरा. पूजा झाली, हत्यारं मोकळी झाली. मी टेस्टर उचलला, त्यावरचं कुंकू पुसलं आणि बॅगेत ठेवला. हूडला लावला नाही. माणसं आपट्याची पानं घेऊन येत होती, सोनं घ्या, सोन्यासारखे राहा, चहा, पेढे. टाकी उजळलेली होती आणि येणारा प्रत्येक जण तिच्यासमोर थांबत होता. मनात एकच चाललं होतं की रविवारी भाई चोक घेऊन येईल, त्याआधी शनिवारी प्लग काढून ठेवू, म्हणजे त्यालाही कळणार नाही. बायकोला मी सांगितलंही नाही की हूडला हात लावू नकोस. सांगितलं असतं तर का, ते सांगावं लागलं असतं.

एकादशीच्या सकाळी मी बाल्कनीत पेपर वाचत होतो. आतून बेसिनच्या नळाचा आवाज येत होता. ती पाणी बदलत होती. मी उठायला हवं होतं. मी वाक्य पूर्ण वाचायला थांबलो. मग पंखा थांबला. डोक्यावरचा पंखा मंद होत गेला आणि मला कळलं की खटका पडला. ती किंचाळली नाही. खुर्ची पडल्याचा आवाज आला आणि मग तिचा.

एक हात हूडला आणि एक हात नळाला, अशी ती होती. नळ म्हणजे लोखंडी पाइप, पाइप म्हणजे जमीन. करंट तिच्या छातीतून गेला आणि त्याच क्षणी खटक्याने लाइट तोडली. झटक्याने ती मागे फेकली गेली आणि कोपर खुर्चीच्या कडेवर आपटलं. पाइप तिच्याजवळ पडून जमिनीवर पाणी सोडत होता. ती डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "मासे बघा."

कोपराचे तीन तुकडे झाले होते. हॉस्पिटलच्या बाकावर मेहुणा तासाभरात येऊन बसला. रडत होता. मग डोळे पुसून विचारलं, "दाजी, कोणी केलं होतं हे लाइटचं काम?"

मी म्हणालो, "सप्तमीलाच तो टाकीवाला येऊन, उघडून गेला होता."

यातला एकही शब्द खोटा नाही. वाक्य मात्र खोटं आहे. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात खोटं वाक्य हेच. मेहुण्याने नवमीला मला सुरी चालवताना पाहिलं होतं, पण मी काय सोडवलं ते त्याला कळायचं कारण नव्हतं. मी ट्यूब लावली एवढंच त्याने पाहिलं.

"असल्या लोकांना घरात घेता कशाला?" तो म्हणाला.

असल्या म्हणजे कसल्या, हे मी विचारलं नाही. तिथे बसलेल्या कोणीच विचारलं नाही.

दुपारी कपडे न्यायला घरी आलो. जमीन अजून ओली होती. मी पायात चप्पल घातली, प्लग काढला, या वेळी बॅगेतून स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि हिरवी वायर पुन्हा जागेवर बसवली. काम नीट झालं. मग खाली बसलो. तिच्या चपला नळाखाली होत्या. पाणी बदलताना भिजू नयेत म्हणून तिने त्या काढून ठेवल्या होत्या.

रविवारी भाई आला. हातात पिशवी, पिशवीत नवा चोक. त्याला काहीच माहीत नव्हतं. दार उघडलं तर खोलीत मेहुणा, सोसायटीचे चेअरमन, शेजारचे दोघे. बायको हॉस्पिटलातच होती.

"काकू कुठायत?" त्याने विचारलं.

मेहुण्याने त्याला सांगितलं कुठे आहेत ते, आणि ज्या भाषेत सांगितलं ती मी इथे लिहीत नाही. भाई दारातच उभा राहिला. आधी त्याचा चेहरा पडला, काकूंसाठी. मग त्याला कळलं की बोट त्याच्याकडे आहे.

"मी तर ट्यूबची पट्टी बंद करून गेलो होतो," तो म्हणाला. "टेप गुंडाळली होती. काका, सांगा ना. तुमच्यासमोर गुंडाळली."

सगळे माझ्याकडे वळले. मी म्हणालो, "टेप होती. पण आत काय केलं होतं ते..." आणि वाक्य तिथेच सोडलं. बाकीचं त्यांनी पूर्ण केलं.

भाई आत आला. कोणी आत ये म्हटलं नव्हतं. त्याने प्लग हातात घेतला, उजेडाकडे धरला, स्क्रूवर अंगठा फिरवला. खाच ओरबाडलेली होती. मग त्याने खिशातला टेस्टर काढून तो स्क्रू फिरवला, झाकण उघडलं. हिरवी वायर जागेवर, घट्ट, नुकतीच बसवलेली. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होतो.

"आता कशाला तपासतोस?" मेहुणा म्हणाला. "पुरावा मिटवायला?"

भाईने झाकण लावलं. चोकची पिशवी टेबलावर ठेवली. "काकूंना बरं वाटू द्या," म्हणाला आणि गेला. पोलिसात द्यायचं का, यावर चर्चा झाली. मी नको म्हणालो. सगळ्यांना ते माझं मोठं मन वाटलं.

महिन्याभरात चारही घरांनी आणि दवाखान्याने दुसरा माणूस बघितला. गेटवर त्याला आत सोडू नये असं ठरलं. कॉलेज रोडच्या एका हॉटेलात त्याची मोठी टाकी होती, तिथेही कोणीतरी फोन केला, असं मी ऐकलं. मी कोणालाही फोन केला नाही. गरजच पडली नाही.

या वर्षी उन्हाळ्यात सोसायटीच्या ग्रुपवर नव्याने राहायला आलेल्या एका बाईंनी विचारलं, माशांची टाकी बनवणारा कोणी माहीत आहे का. कोणीतरी त्याचा नंबर टाकला. लगेच दुसऱ्याने लिहिलं, "हा नको. याच्यामुळे आपल्याकडे एका काकूंचा जीव जाता जाता वाचला. काकांना विचारा." खाली अंगठे उमटले. बाईंनी हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि लिहिलं, "बरं झालं सांगितलंत."

काकांना विचारा. फोन दोन दिवस तसाच ठेवला मी.

तिसऱ्या दिवशी सकाळी बायकोला सांगितलं. तिचा हात डोक्याच्या मागे जात नाही, म्हणून अकरा वर्षं मी तिची वेणी घालतो. ती खुर्चीत पाठमोरी बसते, मी मागे उभा. तिचा चेहरा दिसत नव्हता म्हणूनच मला बोलता आलं असेल. टेप, सुरी, हिरवी वायर, मुंग्या, हॉस्पिटलातलं वाक्य, सगळं सांगितलं.

मग म्हणाली, "सोडा."

"काय?"

"केस सोडा माझे."

मी सोडले. ती म्हणाली, "मीच म्हटलं होतं ना, पूजेतलं उचलू नका."

याच भीतीने मी इतकी वर्षं तोंड बंद ठेवलं, असं मी स्वतःला सांगत आलो होतो. ती स्वतःला दोष देईल म्हणून. म्हणालो, "तुझा काही संबंध नाही. तू उद्या करा म्हणालीस. मी ऐकलं नाही."

"संबंध कसा नाही? हात माझा आहे." ती वळली. "आणि त्या माणसाला मी शिव्या दिल्यात, कळतंय का? रोज. देवासमोर बसून दिल्यात. त्याचे हात मोडोत म्हटलंय. त्या शिव्या आता कुठे नेऊन ठेवू?"

मी हातातली फणी खाली ठेवली.

"आणि तुम्ही रोज उभे राहून वेणी घालताय. मी सगळ्यांना सांगते, असा नवरा मिळायला भाग्य लागतं." ती उठली. "उद्यापासून मी क्लिप लावीन."

चार दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. पाचव्या दिवशी ताट वाढताना एवढंच विचारलं, "गेलात का त्याच्याकडे?"

दुसऱ्या दिवशी मी गेलो. दुकान त्याच गल्लीत आहे, पण टाक्या नाहीत. अॅल्युमिनियमच्या खिडक्या आणि काचा. भाई आता पन्नाशीचा. काचेवर पट्टी धरून काच कापायच्या हिरकणीने रेघ ओढत होता. मला पाहिलं, ओळखलं, रेघ पूर्ण केली, काच टेबलाच्या कडेवर ठेवून तोडली. मगच हात पुसले.

"काकू कशा आहेत?"

"बऱ्या आहेत. भाई, मला तुम्हाला एक सांगायचंय. ती वायर मी..."

"माहीत आहे, काका."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. स्क्रूची खाच सुरीने खरडलेली होती. मी सुरी वापरत नाही. आणि वायरचं टोक वाकलेलं होतं, कोणीतरी मागे दुमडून पुन्हा सरळ केलेलं." त्याने मला स्टूल दिलं नाही. मी उभाच होतो.

"मग बोलला का नाहीत?"

तो हसला, बरं वाटावं असं हसू नव्हतं ते. "कोणाला सांगू? खोलीत सहा जण होते. तुम्ही कंपनीचे फोरमन. मी सारडा सर्कलचा मासेवाला. मी म्हटलं असतं काकांनी केलं, तर त्या साहेबांनी मला जिन्यावरून खाली पाठवलं असतं. चालत नाही, दुसऱ्या पद्धतीने."

"माझं चुकलं."

"काका, मला सांगून काय उपयोग? मला तर माहीतच आहे. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा."

"माफी मागायची होती."

"ती तुमची गरज आहे," तो म्हणाला. मग आवाज खाली आणून, "माझ्या अम्मीला लोक सांगायचे, तुझ्या पोराने एक बाई मारली असती. ती जाईपर्यंत मला विचारायची, खरं सांग, काही राहिलं होतं का तुझ्याकडून. मी नाही म्हणायचो. पण तिने विचारणं सोडलं नाही." त्याने पुढची काच ओढली. "सरका जरा, काका. काच आहे."

गेल्या रविवारी सकाळी सोसायटीची वार्षिक सभा झाली. पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकून होते ती. पाण्याची टाकी, लिफ्ट, गेटवरचा कॅमेरा हे विषय झाले. शेवटी मी उभा राहिलो. मेहुण्याला पिंपळगावहून मुद्दाम बोलावून घेतलं होतं. तो कोपऱ्यात उभा होता आणि कशासाठी बोलावलं ते त्याला ठाऊक नव्हतं. बायको दुसऱ्या रांगेत होती.

मी जे इथे लिहिलंय तेच, थोडक्यात, सांगितलं. मध्ये कोणी पाणी दिलं. मेहुणा म्हणाला, "दाजी, तुम्ही सुरीने..." तो सभा संपायच्या आत निघून गेला. अजून त्याचा फोन नाही.

सेक्रेटरी तिशीतला आहे, सॉफ्टवेअरमध्ये. त्याने खूप हळुवारपणे म्हटलं, "काका, खूप जुनी गोष्ट आहे. तुम्ही सांगितलंत, मोठी गोष्ट केलीत. आता हे इतिवृत्तात कशाला?"

"गेटवर सोडू नका हे इतिवृत्तात आहे," मी म्हणालो. "तेव्हा लिहिलं होतं. मग हेही लिहा."

त्याने लिहिलं आणि वाचून दाखवलं. "अकरा वर्षांपूर्वीच्या विजेच्या अपघाताबाबत त्या वेळी गैरसमज झाला होता, असे सदस्यांनी निदर्शनास आणून दिले."

"गैरसमज नाही," मी म्हणालो. "मी खोटं सांगितलं. खोटं लिहा."

"काका, अहो तसं बरं दिसत नाही रेकॉर्डवर."

"त्याचं नाव अकरा वर्षं बरं दिसत नव्हतं," बायको मागून म्हणाली. "लिही रे बाबा."

त्याने खाडाखोड करून लिहिलं. अर्थिंगची वायर काढणारा मी, हे लिहिलं. टाकी बनवणाऱ्याची काहीही चूक नव्हती, हे लिहिलं. गेटवरचा निर्णय रद्द, हेही. मी खाली सही केली. त्या पानाचा फोटो काढून ग्रुपवर टाकायला लावला आणि तोच मी भाईला पाठवला. त्याने पाहिला, एवढं फोनवर दिसलं. उत्तर आलं नाही.

टाकी हवी असलेल्या त्या नव्या बाई काल जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, मी त्या टाकीवाल्यांना दोनदा फोन केला, उचलत नाहीत. तुम्ही एकदा बोलाल का?

मी नाही म्हणालो. त्याला यायचं असेल तर तो येईल.